रग्बीची उतरण आणि आपल्या शाळेचं मैदान



आजच्या लेखाचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, यवतमाळ जिल्ह्यात रग्बीचं काय काम? आपल्या पोरांनी हा खेळ फार तर मोबाइलवर पाहिला असेल. पण एखादा खेळ कसा उभा राहतो आणि कसा ओसरतो, हे शिकायचं असेल तर रग्बीसारखं उदाहरण नाही. शे-दीडशे वर्षांचा इतिहास, मोठमोठी स्टेडियम, भरपूर पैसा, आणि तरीही अनेक देशांत क्लब बंद पडत आहेत. त्या गोष्टीतली बरीचशी कारणं आपल्या कबड्डी-खोखोच्या मैदानावरही दिसतात. म्हणून हा पाठ. इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलांना सांगता येईल असा लिहिला आहे. शेवटी वर्गात घ्यायचा उपक्रमही दिला आहे.

१. आधी खेळ समजून घेऊ

रग्बी युनियन म्हणजे १५ विरुद्ध १५ खेळाडूंचा, ८० मिनिटांचा खेळ. चेंडू लांबुळका, अंड्याच्या आकाराचा. चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतं, लाथेनं पुढे मारताही येतो, पण हातानं पास द्यायचा तो मागेच. समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो, त्याचे ५ गुण. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं म्हणजे 'टॅकल'. मुलांना सांगताना सोपी खूण सांगा: कबड्डीतली पकड आणि फुटबॉलचं मैदान यांची बेरीज करा.

इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेत १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्यानं फुटबॉल खेळता खेळता चेंडू उचलला आणि पळत सुटला, अशी कथा सांगतात. ही कथा खरी मानायला पुरावा कमी आहे, पण विश्वचषकाला नाव त्याचंच आहे. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. एका शाळेच्या मैदानातून सुरू झालेला खेळ जगभर गेला, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२. आपल्याच देशातली पहिली उतरण : कलकत्ता

रग्बी ओसरण्याची एक फार जुनी गोष्ट भारतातच घडली आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि त्यातून पुढे कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. १८७४ मध्ये हा क्लब इंग्लंडच्या युनियनचा सदस्यही झाला. सुरुवात जोरात होती, पण तीन-चार वर्षांतच क्लब रिकामा झाला.

कारणं काय होती? बंगालची हवा या खेळाला फारशी मानवत नव्हती. फौजेतले खेळाडू पलटणीबरोबर बदलून गेले. टेनिस आणि पोलो हे खेळ त्या हवेला जास्त सोयीचे वाटू लागले. आणि गंमत म्हणजे क्लबमध्ये सदस्यांना फुकट मिळणारी दारू बंद केली, तेव्हा सदस्यही घटले!

शेवटी उरलेल्या सदस्यांनी क्लब बंद करायचं ठरवलं. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली. असे २७० रुपये वितळवून एक सुंदर चषक घडवला: झाकणावर हत्ती, आणि तीन मुठी नागाच्या आकाराच्या. हा चषक इंग्लंडच्या युनियनला भेट दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातला सामना याच 'कलकत्ता कप'साठी खेळला जातो. क्लब संपला, चषक मात्र राहिला.

ही गोष्ट वर्गात सांगा आणि मुलांना विचारा: क्लब का बंद पडला? मुलं लगेच 'दारू' म्हणून हसतील. हसू द्या. मग एकेक कारण फळ्यावर लिहा. हवामान, खेळाडूंच्या बदल्या, दुसऱ्या खेळांची ओढ, आणि खेळासाठी न येता सवलतीसाठी येणारे सदस्य. ही चार कारणं लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहेत.

३. पैसा आला, तरी क्लब का बुडाले?

रग्बी युनियनमध्ये शंभरावर वर्षं खेळाडूला पैसे देणं निषिद्ध होतं. १८९५ मध्ये यावरूनच इंग्लंडमध्ये फूट पडली. उत्तरेकडच्या क्लबांमध्ये गिरण्यांतले आणि खाणीतले कामगार खेळायचे. शनिवारी खेळायला गेलं की रोज बुडायचा. त्या बुडालेल्या रोजाची भरपाई द्या, एवढीच मागणी होती. दक्षिणेतल्या पैसेवाल्यांना ती पटली नाही. उत्तरेचे २२ क्लब बाहेर पडले, आणि त्यांचा खेळ पुढे १३ खेळाडूंचा 'रग्बी लीग' झाला. आपल्याकडे मजुराचं पोरगं तालुक्याच्या स्पर्धेला जातं तेव्हा घरचा रोज बुडतो का, हा प्रश्न १३० वर्षांनंतरही तसाच आहे बरं.

ऑगस्ट १९९५ मध्ये ही बंदी उठली आणि रग्बी युनियन व्यावसायिक झालं. मग टीव्हीचा पैसा, मोठे पगार, मोठे मालक. वरून सगळं छान दिसत होतं. पण इंग्लंडमधल्या बहुतेक क्लबांचा खर्च त्यांच्या कमाईपेक्षा जास्त होता. तूट मालकाच्या खिशातून किंवा कर्जातून भरली जायची. त्यात कोरोना आला, प्रेक्षक बंद झाले, कर्ज वाढलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये वूस्टर वॉरियर्स हा क्लब स्पर्धेतून निलंबित झाला. पुढच्याच महिन्यात वॉस्प्स गेला. हा १८६७ मध्ये स्थापन झालेला क्लब, दोन वेळा युरोपचा विजेता! या क्लबनं २०१४ मध्ये आपलं लंडन परिसरातलं घर सोडून कोव्हेन्ट्री शहरात मोठं स्टेडियम घेतलं होतं आणि त्यासाठी रोखे काढून कर्ज उभारलं होतं. ते फेडता आलं नाही. जून २०२३ मध्ये लंडन आयरिशही बाद झाला. एका वर्षाच्या आत वरच्या स्पर्धेतले १३ क्लब १० वर आले. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या हंगामानंतर मेलबर्न रेबेल्स हा संघ बंद झाला. त्याआधीच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या पहिल्या फेरीतच बाहेर पडला होता. असं त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

इथे मुलांना एक गणित द्या. १३ चे १० झाले म्हणजे किती टक्के घट? ३ भागिले १३ गुणिले १००, म्हणजे साधारण २३ टक्के. शेकडेवारीचा पाठ आणि खेळाचा पाठ एकाच वेळी होतो.

पण सगळीकडेच उतरण आहे असं नाही, हेही मुलांना सांगायला हवं. फ्रान्समध्ये रग्बी भरभराटीत आहे. तिथे क्लब छोट्या-मोठ्या गावांचे आहेत, गावातले लोक आपला क्लब म्हणून जातात, आणि क्लबांचे हिशेब तपासायला वेगळी यंत्रणा आहे. हिशेब जमला नाही तर खालच्या गटात टाकतात. पैसा दोन्ही देशांत होता. फ्रान्समध्ये त्या पैशामागे गाव होतं आणि त्यावर वचक होता.

४. पालक मुलाला का पाठवत नाहीत?

क्लबांच्या बातम्या पेपरात येतात. शाळेतला संघ बंद झाला तर त्याची बातमी होत नाही, आणि खरी उतरण तिथेच सुरू होते.

पालकांची मुख्य भीती डोक्याच्या माराची. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या काही माजी खेळाडूंनी दावा पुढे आणला की वारंवार डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे त्यांना कमी वयात स्मृतिभ्रंश झाला आहे. त्यात स्टीव्ह थॉम्पसन होता. २००३ मध्ये इंग्लंडनं विश्वचषक जिंकला त्या संघातला हा खेळाडू. आपण तो सामना जिंकल्याचं आपल्याला आठवतच नाही, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. आपण पालक म्हणून विचार करा. जगातला सर्वोच्च मान मिळाला आणि तो आठवत नाही. हे ऐकल्यावर कोणती आई पोराला त्या मैदानावर पाठवेल?

खेळ चालवणाऱ्यांना जाग आली, पण उशिरा. इंग्लंडमध्ये २०२३-२४ च्या हंगामापासून हौशी पातळीवर टॅकल छातीच्या खालीच करायचा नियम आला. आधी तो कमरेपर्यंत आणायचं जाहीर झालं होतं, पण खेळाडूंना आणि क्लबांना न विचारता ठरवलं म्हणून इतका गदारोळ झाला की बदलावं लागलं. नियमाचा हेतू चांगला होता, पण ज्यांनी तो पाळायचा त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. शाळेत आपणही नियम करतो, तेव्हा हे आठवावं.

दुसरी गोष्ट वेळेची. १५ चा संघ जमवायचा म्हणजे राखीव धरून वीस-बावीस पोरं लागतात. अभ्यास, शिकवणी, मोबाइल आणि सोपे खेळ यांच्या गर्दीत एवढी पोरं एका वेळी मिळत नाहीत. चार पोरं कमी पडली की सामना रद्द. दोन सामने रद्द झाले की उरलेलीही येत नाहीत.

५. मग वाढ कुठे होते आहे?

वाढ दोन ठिकाणी आहे. एक, मुलींमध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर झाला. इंग्लंडनं कॅनडाला हरवलं, आणि प्रेक्षक होते ८१ हजारांहून जास्त. दोन, सात खेळाडूंच्या छोट्या रग्बीत. सात-सात मिनिटांचे दोन डाव, कमी पोरं, कमी वेळ. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून हाच प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे.

आपल्या देशातही तसंच आहे. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर पिढ्यान् पिढ्या रग्बी खेळतात, तेही पावसाळ्यात, मैदान मऊ असतं म्हणून. जून २०२५ मध्ये मुंबईतच रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघांचा, सात खेळाडूंच्या प्रकारातला. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली वाहबिझ भरुचा ही पुण्याची.

आणि एक उदाहरण आपल्या जिल्ह्यानं खास ऐकण्यासारखं. भुवनेश्वरच्या कलिंगा संस्थेच्या निवासी शाळेतल्या आदिवासी मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालील शाळांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकली. आपल्याकडे पांढरकवडा आणि पुसद अशी दोन आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत, त्यांच्या आश्रमशाळा आहेत. कोलाम, गोंड, आंध समाजाची चपळ पोरं तिथे शिकतात. त्यांनी रग्बीच खेळावं असं माझं म्हणणं नाही. पण निवासी शाळेत पोरं संध्याकाळी एकत्र असतात, संघ जमवावा लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

६. आता आपल्या मैदानाकडे वळू

कबड्डीचं पाहा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. आठ संघांचे पुढे बारा झाले. लिलाव होतात, पोरांना खेळाडूंची नावं पाठ आहेत. खोखोची अल्टिमेट लीग २०२२ मध्ये पुण्याला सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तर १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली होती. म्हणजे आपल्या विभागाला वारसा आहे.

वर सगळं चमकतं आहे. खाली काय? रग्बीचा धडा इथे लावून पाहा. टीव्हीवरची कबड्डी मॅटवर होते, आपली पोरं मुरमावर किंवा काळ्या मातीत खेळतात. पावसाळ्यात ती माती पायाला चिकटते, आणि शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यापासूनच सुरू होतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा दुपारी मैदानावर कुणाला उभं करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान हवं म्हटलं आहे, पण मैदान असणं आणि त्यावर रोज खेळणं यात फरक आहे. वेळापत्रकात खेळाचा तास असतो. शिष्यवृत्ती किंवा दहावीची परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. तुम्हीही हे पाहिलं असेल.

कलकत्त्याची चार कारणं आता आठवा. हवामान आहे. बदल्या आहेत: कापूस वेचणीला किंवा कामासाठी घर बाहेरगावी गेलं की पोरगं संघातून जातं; खेळाची आवड असलेल्या गुरुजींची बदली झाली की त्या शाळेतला खोखोच बंद होतो. दुसरी ओढ आहे, ती मोबाइलची. आणि चौथं कारण सर्वांत नाजूक. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या सवलती चांगल्या आहेत, गरीब घरच्या पोराला त्यांचा आधार आहे. पण पोरगं फक्त गुणांसाठी मैदानावर येत असेल, तर गुण मिळाले की ते येणं बंद करणार. कलकत्त्याच्या क्लबसारखंच.

७. शाळेत काय करता येईल?

पैसा न लागणाऱ्या गोष्टीच सांगतो.

*छोटे संघ करा.* पूर्ण संघ जमण्याची वाट पाहू नका. चार-चार पोरांची कबड्डी, लहान मैदानावर लंगडी, अर्ध्या पाटीचा खोखो, आट्यापाट्या. आट्यापाट्या तर आपल्या विदर्भाचा खास खेळ; आखायला फक्त चुना लागतो. जास्त पोरांना खेळायला मिळालं पाहिजे, बाकावर बसायला नको.

*मुलींचा तास वेगळा राखा.* आठवीनंतर मुली मैदानावरून कमी होतात. कारण बहुतेक वेळा आवड नसणं हे नसतं. कपडे, स्वच्छतागृह, घरी जायला होणारा उशीर ही कारणं असतात. तास शाळेच्या वेळेतच ठेवा, आईशी एकदा बोला.

*डोक्याच्या मारात 'शंका आली की बाहेर' हा नियम पाळा.* कबड्डीत डोकं आपटतं, गुडघा कानशिलाला लागतो. पोरगं पडलं आणि गोंधळलं, चक्कर आली, उलटी झाली, डोकं दुखतं म्हणालं, नीट आठवत नाही म्हणालं, तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही. सामना हातातून गेला तरी चालेल. घरी पालकांना सांगायचं. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून उठवता न येणं, झटके, हातापायात कमजोरी, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्यायचं. बरं झाल्यावर आधी वर्गात, मग हलका व्यायाम, आणि डॉक्टरांना विचारून शेवटी सामना, हा क्रम ठेवा. पालकहो, पोरगं 'काही नाही, ठीक आहे' म्हणालं तरी त्या रात्री लक्ष ठेवा. संघातून काढतील या भीतीनं पोरं खोटं बोलतात.

*खेळ एका गुरुजींवर ठेवू नका.* गावातले दोन माजी खेळाडू, एखादी माजी विद्यार्थिनी, शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक, असे तीन-चार जण जोडा. गुरुजींची बदली झाली तरी संघ राहिला पाहिजे. फ्रान्सच्या गावांनी तेच केलं.

८. वर्गात घ्यायचा उपक्रम

इयत्ता ८ वी ते १० वी, दोन तास.

पहिल्या तासाला कलकत्ता कपची गोष्ट सांगून कारणांची यादी करा. दुसऱ्या तासाआधी मुलांना गटात सर्वेक्षण द्या. प्रत्येक गट एक इयत्ता घेईल, पाचवी ते दहावी, आणि एवढंच विचारेल:

१. गेल्या आठवड्यात किती दिवस मैदानावर खेळलास / खेळलीस?
२. कोणता खेळ?
३. खेळला नसशील तर मुख्य कारण काय?
४. घरी आई-बाबा किंवा आजी-आजोबा तुमच्या वयात काय खेळायचे?

मुलं आणि मुली यांची नोंद वेगळी ठेवा. मग इयत्तेनुसार स्तंभालेख काढा. स्तंभ कोणत्या इयत्तेपासून बुटका होतो, ते मुलांनाच शोधू द्या. चौथ्या प्रश्नाची उत्तरं भिंतीवर लावा; हुतुतू, विटीदांडू, सूरपारंब्या अशी नावं येतील, आणि त्यातले किती खेळ आज शाळेत कुणालाच येत नाहीत हेही कळेल.

शेवटी चर्चेला हा प्रश्न द्या: 'टीव्हीवर खेळ मोठा झाला म्हणजे खेळ वाढला का?' उत्तर तुम्ही देऊ नका.

हा आलेख पुढच्या पालक सभेत दाखवा. 'पोरं खेळत नाहीत' असं आपण नेहमी म्हणतो, पण किती, कोणत्या वर्गापासून आणि का, हे आपल्या शाळेपुरतं तरी माहीत असायला हवं. तालुका स्पर्धेत किती शाळा उतरतात यापेक्षा हा आकडा जास्त खरा आहे. त्यावर पालकांसोबत बसून एकच गोष्ट ठरवा, जी जूनपासून वर्षभर चालेल. खेळाचा तास कुणालाही द्यायचा नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं.